गाभ्यातली दाटी

शरयू अकोल्याला गेली, लेकीच्या बाळंतपणाला,
आणि आफ्रिकन व्हायोलेटच्या अकरा कुंड्या माझ्या ताब्यात.
जाताना म्हणाली, पाणी खालच्या ताटलीत घाला, पानांवर नको,
आणि फार जीव लावू नका त्यांना.
हे शेवटचं मी चेष्टेवारी नेलं.

जेल रोडच्या आमच्या खिडकीत ऊन
साडेनऊपर्यंत असतं. मग समोरच्या टाकीमागे जातं.
तेवढंच त्यांना पुरतं,
ही तिची बावीस वर्षांची नोंद.

डिसेंबर सरता सरता मधली पानं
एकमेकांच्या अंगावर चढू लागली,
बटणाएवढी, तांबूस, कुरकुरीत.
बाहेरची पानं खाली मुरडून
कुंडीचा काठ धरून बसली,
दाताच्या डॉक्टरकडे खुर्चीचे हात धरतात तशी.
कळ्या होत्या. पण गाभ्यातच अडकलेल्या,
बाहेर यायला वाटच नाही.

रात्री फोनवर तपासणी.
मागे बाळ रडतंय आणि ती विचारते:
लव नेहमीसारखी की राखाडी, गुंतलेली?
पान वाकवलं तर वाकतं की मोडतं?
खिडकी रात्री उघडी राहते का?
निफाडला पारा चारवर गेलाय म्हणे.
बंद असते, मी म्हटलं.
एकदा राहिली होती. ते बोललो नाही.

कोळी पडला असेल, ती म्हणाली,
पण तो नुसत्या डोळ्यांना दिसायचा नाही.
हे मला कुणी सांगू नये.
एकतीस वर्षं नोटांच्या छापखान्यात
मी दुसरं काय केलं?
कागदाची कड अंगठ्याखाली,
एक रेघ केसभर सरकली की बाद.
निवृत्तीनंतर तसलंच भिंग
मेनरोडवर विकत घेतलं होतं,
कशासाठी, ते तेव्हा ठाऊक नव्हतं.

गाभ्यातलं पान चिमट्याने काढलं,
दिव्याखाली ठेवलं, श्वास धरला.
लवेचं जंगल. धुळीचा एक कण.
काही हललं नाही.
मग दुसऱ्या कुंडीतलं पान. मग तिसऱ्या.
अकराच्या अकरा, सारखाच दोष, सारख्याच जागी.

इथे छापखान्यातला माणूस थांबतो.
एक नोट बिघडली तर कागद बघावा.
सगळी गड्डी एकाच जागी बिघडली
तर छापणाऱ्याकडे बघावं.

मग काठावरचा पांढरा थर दिसला, मिठासारखा.
दिसत रोजच होता.

संपतराव बोरस्त्यांनी पिंपळगावहून
द्राक्षांचं खत दिलं होतं, एकोणीस-एकोणीस-एकोणीस,
दह्याच्या डब्यात.
ते बागेला मापून देतात. मी चमच्याने दिलं,
दर रविवारी,
आणि फूल येईना म्हणून बुधवारीही.
ती परत येईतो
खिडकी जांभळी करून ठेवायची होती.

"काय घातलंत?"
मी विषय काढायच्या आधीच तिने विचारलं.
"चमचाभर."
"कुठला चमचा?"
"पोह्यांचा."
अकोल्यात कुणीतरी बराच वेळ हसलं.
बाळ दचकून गप्प झालं.

मग न्हाणीघरात अकरा कुंड्या ओळीने,
कोमट पाणी, मातीतून पार निथळेपर्यंत,
एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा.
पहिलं पाणी चहासारखं उतरलं.
मुरडलेली पानं सरळ व्हायची नाहीत, ती म्हणाली.
त्यांच्याकडे बघत बसू नका.
मधून नवीन काय येतंय, ते बघा.

आज पाचवा आठवडा.
सातव्या कुंडीत, दोन पानांच्या मध्ये,
मोहरीएवढी फट पडली आहे.
भिंगातून तिच्यातला अंधार दिसतो,
त्यात एक देठ, अजून वाकडा,
कुणाच्याही अंगावर न टेकलेला.

तिला कळवलं. हं, म्हणाली,
आणि आता हात लावू नका.

डबा बोरस्त्यांना परत दिला.
रविवारी हल्ली लवकर झोपतो.
बुधवारचं काय करायचं
ते अजून ठरत नाही.